काळी पाचच्या जरा वर

अपोलो बंदर, १९३५-३६चा हिवाळा

दरवान तुम्हाला अडवत नाहीत. त्यांची नजर तुमच्या आरपार जाते, कारण तुम्ही जन्माला यायला अजून बराच अवकाश आहे. ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात पाऊल टाकताच सिगारचा धूर, अत्तर आणि बंदरावरची खारी हवा एकदम अंगावर येते. मंचावर लिऑन अ‍ॅबीचा बँड आहे. अ‍ॅबी स्वतः व्हायोलिन वाजवतो. अमेरिकेतले हे कृष्णवर्णीय जाझवाले युरोप फिरून मुंबईला आलेत आणि गोऱ्या साहेबांपासून पारशी शेठजींपर्यंत सगळ्यांचे पाय त्यांनी हलवलेत. सॅक्सोफोनवाले मधेच सॅक्सोफोन खाली ठेवून क्लॅरिनेट उचलतात. याच क्षणासाठी तुम्ही आला आहात.

तुमच्या हातातही एक क्लॅरिनेट आहे, मात्र काळ्या लाकडाची नाही. ती धातूची आहे, एकसंध नळीची, जागोजाग चांदीचा मुलामा उडालेली. ती याच मंचावर वाजली असेल, अशी तुमची फार दिवसांची इच्छा आहे. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर बसून तुम्ही रीड ओली करता. बँड ‘बी फ्लॅट’मध्ये आहे, म्हणजे पेटीवरची काळी पाच. तुम्ही तोच स्वर लावता.

आणि हवा थरथरते. तुमचा स्वर आणि त्यांचा स्वर एकमेकांवर आपटून सेकंदाला सहा-सात हेलकावे उठतात. पुढच्या रांगेतला एक वादक मान वळवून पाहतो. तुम्ही घाईघाईने बॅरल, म्हणजे मुखाखालचा छोटा तुकडा, थोडी बाहेर ओढता. वरचे, गळ्याजवळचे स्वर उतरतात. खालचे तसेच चढे राहतात. आणखी ओढता, तर सप्तकच वाकडं होतं. या खोलीत या वाद्याला सुरात येता येत नाही. पुढच्या मात्रेला झुंबरं, धूर, मंच सगळं नाहीसं होतं.

या प्रवासाचा नियम तुम्हाला असा कळतो. इच्छा कुठेही नेईल, पण वाद्य जिथे खरोखर असू शकलं असतं, तिथेच ते तुम्हाला थांबू देईल.

बेलापूर, सेक्टर ८, यंदाचा जुलै

तुम्ही परत आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहात. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. छोटी छोटी घरं, त्यांच्यामध्ये सामायिक अंगणं, आणि गरजेप्रमाणे घर वाढवायची मुभा. बहुतेकांनी ती इतकी मनापासून वापरलीय की मूळ घर कुठलं ते आता शोधावं लागतं. तुमचं कामाचं टेबल खिडकीशी आहे. मागच्या डोंगरावरून पाऊस उतरतोय.

क्लॅरिनेट आली ती जवळच्याच शहाबाज गावातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून. घर पाडून इमारत उभी राहायची होती. पितळी भांडी, एक फुटका ताशा आणि ही नळी भंगाराच्या तराजूत चालली होती. तुम्ही वजनाच्या भावाने घेतलीत.

हात शिवशिवतात, पण पहिला दिवस घासायचा नसतो. आधी मोजायचं असतं. चाव्या १३, बोटांखालची कडी दोन. म्हणजे ही ‘सिंपल सिस्टिम’ची. इवान म्युलरने १८१२च्या सुमारास १३ चाव्यांची रचना पुढे आणली. तिच्यात सुधारणा होत होत हे वळण आलं. आज शाळा-कॉलेजांत दिसणारी क्लॅरिनेट वेगळ्या वंशाची आहे. ती क्लोझे आणि बुफे यांनी पॅरिसमध्ये १८३९ ते १८४३च्या दरम्यान बसवलेली, १७ चाव्या आणि सहा कड्यांची. निर्मात्याच्या नावाच्या जागी तुमच्या नळीवर फक्त झिजलेली चकाकी आहे. पिढ्यान्‌पिढ्या अंगठा आणि फडकं फिरून नाव पुसलं गेलंय.

मग लांबी. याच जातीच्या ओळखीच्या क्लॅरिनेटला लावून पाहिलीत तर तुमची जवळपास दोन सेंटीमीटरने आखूड भरते. ताजमध्ये काय झालं त्याचं उत्तर या दोन सेंटीमीटरमध्ये आहे. मोबाइलवरचा ट्यूनर तेच सांगतो: आजचा ‘ए’ सेकंदाला ४४० कंपनांचा, तुमच्या वाद्याचा ४५२च्या आसपास. फरक साधारण ५० सेंटचा, म्हणजे अर्धस्वराचाही अर्धा. ताजमध्ये लावलेला तुमचा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळपास मधे पडला होता, जिथे पेटीवर पट्टीच नाही.

मुंबईचा उकाडा तर कारण नाही? हवा एका अंशाने तापली की फुंकवाद्याचा सूर सुमारे तीन सेंटने चढतो. ५० सेंट चढायला हवा सोळा-सतरा अंशांनी तापायला हवी, आणि नळीतली हवा तर वाजवणाऱ्याच्या श्वासाने आधीच ऊबदार झालेली असते. उकाडा सुटला. हे वाद्य बिघडलेलं नाही. ते चढ्या सुरातच घडवलेलं आहे.

तो चढा सूर ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या वाद्यवृंदांनी आणि लष्करी बँडनी सूर वर वर नेत ४५२पर्यंत पोहोचवला होता. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १९१७ मध्येच ४४० स्वीकारला. १९३९ साली लंडनच्या परिषदेत तोच आंतरराष्ट्रीय ठरला. ब्रिटिश लष्कराच्या पलटणींनी चढा सूर सोडला तो १९२०चं दशक संपता संपता. अ‍ॅबीच्या अमेरिकी बँडशी तुमच्या नळीचं जमणं मुळातच शक्य नव्हतं.

बॉस्टन, १९२८

तरीही एकदा पाहून यायला हवं, कारण धातूच्या क्लॅरिनेटचं नाव काढलं की सगळे अमेरिकेकडे बोट दाखवतात.

तुम्ही उभे आहात तो कारखाना बासऱ्यांसाठी नावाजलेल्या हेन्स कंपनीचा. टेबलावर चांदीची क्लॅरिनेट पडली आहे आणि तिच्या भिंती दुहेरी आहेत: नळीच्या आत नळी, मधे पोकळी. थंडीच्या देशात धातू गारठतो आणि सूर उतरतो, म्हणून वाजवण्याआधी या पोकळीत गरम श्वास फुंकून वाद्य तापवायचं. याच शहरात कंडी-बेटोनी कंपनी ‘सिल्व्हा-बेट’ नावाची धातूची क्लॅरिनेट काढते. क्लीव्हलंडला एच. एन. व्हाइट कंपनी ‘सिल्व्हर किंग’ बनवते, इंडियानातल्या एल्कहार्टला कॉन आहे. शाळाशाळांतून बँड निघतायत. मुलांच्या हातून पडली तरी तडकत नाही, उन्हात ठेवली तरी चालते, म्हणून धातूची क्लॅरिनेट हजारोंनी खपते.

तुम्ही तुमची नळी त्यांच्या शेजारी ठेवता. त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी ‘एल पी’ अशी अक्षरं ठोकलेली, म्हणजे उतरा सूर. चाव्यांची रचना फ्रेंच. तुमची नळी या घराण्यातली नाही.

पण निघण्याआधी एक गैरसमज तुमच्यासमोरच जन्माला येताना दिसतो. वरच्या दर्जाच्या दहा क्लॅरिनेट बनतात तेव्हा स्वस्तातल्या शंभर बनतात. चाव्या मऊ धातूच्या, पॅड हलक्या प्रतीचे, सूर ढोबळ. मुलं त्यांवर शिकतात आणि मोठी झाली की लाकडाकडे वळतात. महायुद्धानंतर प्लास्टिकच्या क्लॅरिनेट येतात आणि धातूच्या नळ्या अडगळीत जातात; पुढे कित्येकींचे टेबललॅम्प होतात. “धातूची म्हणजे पत्र्यासारखी वाजणार” ही म्हण मागे उरते. जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली मोजमाप करून दाखवलं की नळीच्या भिंतीचा पदार्थ स्वराच्या जातीत ऐकू येईल असा फरक करत नाही. आतल्या पोकळीचा आकार, भोकांच्या कडा आणि पॅडची मिठी महत्त्वाची. क्लॅरिनेटमध्ये वाजते ती हवा.

कूपरेज, पहिल्या महायुद्धाआधीची एक संध्याकाळ

इथे मात्र वाद्य तुम्हाला थांबू देतं.

कूपरेजच्या बागेतला बँडस्टँड १८६७ सालचा. आठ बाजूंनी उघडा, वर छप्पर, खाली गोल उभे वादक. भोवती बाबागाड्या घेऊन आया, टोपीवाले साहेब, हिरवळीच्या कडेला उभे राहून ऐकणारे गिरगावकर. पलटणीचा बँड वाजतोय. बँडमास्तर इंग्लंडमध्ये नेलर हॉलच्या लष्करी संगीत विद्यालयात शिकून आलेला. ते विद्यालय १८५७ सालचं. सैन्यातल्या प्रत्येक बँडचा सूर एक असावा, म्हणून हुकूम निघालेले आहेत. तुम्ही तुमची क्लॅरिनेट ओठांना लावता आणि पहिल्याच फुंकीत ती त्यांच्यात मिसळून जाते. हेलकावे नाहीत, ओढाताण नाही. त्यांच्यातला चौथा-पाचवा क्लॅरिनेटवाला तुम्हीच आहात असं वाटावं.

शेजारच्या वादकाच्या हातातली लाकडी क्लॅरिनेट पाहा. वरच्या तुकड्यावर बारीक चीर आहे, मेण भरून बुजवलेली. ग्रेनाडिला हे आफ्रिकेचं काळं, लोखंडासारखं जड लाकूड. तरी लाकूडच ते. मुंबईच्या पावसात फुगतं, मार्चमध्ये पलटण दख्खनवर गेली की सुकतं. आतून ओलसर श्वास, बाहेरून कोरडा वारा, आणि एके दिवशी परेडच्या मध्येच ‘टक्‌’. म्हणून गरम देशांत जाणाऱ्या बँडसाठी कारखान्यांनी दोन वाटा काढल्या: एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, आणि धातू. एबोनाइट उन्हाने हिरवट पडतं. धातू काळा पडतो, त्याला पोचे पडतात, पण तो चिरत नाही.

तेव्हा तुमच्या हातातली नळी शाळकरी पोरांसाठी काढलेली स्वस्त वस्तू ठरत नाही. ज्या हवेत तुम्ही आज घाम पुसताय, त्याच हवेसाठी शोधलेलं ते उत्तर होतं.

बागेतून बाहेर पडून धोबीतलावापर्यंत चालत जा. रस्त्यात गोव्याच्या गावागावांच्या नावाने चालणारे कूड, म्हणजे वसतिगृहं, लागतात. एका खोलीत ट्रंकांच्या रांगा, भिंतीवर क्रूस, आणि कोणीतरी तरुण जिन्यात बसून स्वरलेखन वाचत क्लॅरिनेटचा रियाज करतोय. चर्चला जोडलेल्या शाळेत ‘मेस्त्री’कडून सोल्फा आणि व्हायोलिन शिकून तो मुंबईला आला आहे. बँड, मूकपटांची थिएटरं, हॉटेलं, पुढे बोलपटांचे स्टुडिओ, सगळीकडे याच पोरांची वर्दळ असणार आहे. धोबीतलावावर १८६५पासूनचं फुर्टाडोजचं दुकान आहे. काचेमागे वाद्यं मांडलेली. त्यांतल्या कुठल्या क्लॅरिनेटवर ‘एच पी’, म्हणजे चढा सूर, आहे आणि कुठल्यावर ‘एल पी’, हे विकत घेणाऱ्याला कळलं नाही, तर त्याचा पगार धोक्यात आहे.

मग १९२०चं दशक संपतं. लष्कर सूर खाली आणतं. रातोरात हजारो चांगल्या क्लॅरिनेट सरकारी कामाला निरुपयोगी होतात. पितळी वाद्यांची नळी थोडी लांबवता येते. क्लॅरिनेटची भोकं मात्र एकदा पाडली की पाडली.

पुन्हा टेबल

आता चाव्या काढायच्या. दांड्या गंजाने धरल्या आहेत. प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा थेंब, रात्रभर वाट, सकाळी हलकी ऊब, मग स्क्रूड्रायव्हरला पाव फेरा. जोर केलात तर स्क्रूचं डोकं उडेल, आणि या आट्याचा स्क्रू बाजारात मिळत नाही. निघालेली प्रत्येक चावी औषधाच्या गोळ्यांच्या डबीत, आपापल्या घरात.

शेजारून कोणी चिंच आणून देईल, कोणी पितळ घासायची पावडर. दोन्ही नको. चांदीचा मुलामा केसाहून पातळ असतो. पावडरने तो निघून जाईल आणि त्याबरोबर उरलेल्या खुणाही. दागिन्यांसाठी वापरतात तसं कोमट रिठ्याचं पाणी आणि मऊ कापड पुरेसं आहे. काळेपणा गंधकाच्या हवेचा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्याला तो नवा नाही.

मग छोटं लोहचुंबक. जर्मन सिल्व्हर आणि पितळ त्याला दाद देत नाहीत. तुम्ही ते नळीवरून फिरवत जाता. मूळच्या पोलादी स्प्रिंगांपाशी ते अपेक्षेप्रमाणे हलकेच ओढलं जातं. पण डाव्या करंगळीच्या चावीपाशी भिंग धरल्यावर दिसतं की तिथली स्प्रिंग म्हणजे नेढं तोडलेली शिवणाची सुई आहे. आणखी दोन चाव्यांखालीही सुयाच. पॅड काढता तर मूळ आतड्याच्या पापुद्र्याचे फक्त तीन उरलेत. बाकीचे चामड्याचे, जाडसर, वहाणेच्या पट्ट्यातून गोल कापलेले. चिकटवायला लाख. आणि भोंग्याजवळ कथिलाचा डाक दिलेलं ठिगळ. ते इतक्या सफाईने बसवलंय की करणारा रोज भांड्यांना हात लावणारा तांबट किंवा कल्हईवाला असावा.

कुठल्याही पलटणीच्या भांडारात अशी दुरुस्ती झाली नसती. या सुया, हे चामडं आणि हे कथील तुम्हाला पुढच्या ठिकाणी नेतात.

बेलापूरची खाडी, १९५२

नवी मुंबई हे नावही अजून कुणाच्या मनात नाही. किल्ल्याखाली खाडी, दिवाळ्याच्या कोळ्यांच्या होड्या, पलीकडे पांढरी मिठागरं, भातखाचरं. मुंबईहून रस्त्याने यायचं तर ठाण्याला वळसा. बँडवाले पाण्याने आलेत, धोतराचे सोगे खोचून, वाद्यं डोक्यावर घेऊन चिखल तुडवत.

आगऱ्यांच्या घरी हळद आहे. मांडवात धवलारीण बसली आहे आणि धवले गातेय. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. ती कुठल्याही वाद्याकडे सूर मागत नाही. गळ्याला सोसेल तो तिचा सा, आणि बायका त्याच सुरात तिच्या मागोमाग म्हणतात.

ती थांबली की अंगणात बँड सुरू होतो. दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, साइड ड्रम, ढोल आणि पुढे क्लॅरिनेट घेतलेले बँडमास्तर. तीच नळी. मुलामा अजून बराच शाबूत, भोंग्यावरचं ठिगळ मात्र आलेलं. ते ‘अलबेला’तलं गाणं धरतात. चित्रपट १९५१चा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड त्यात पडद्यावरही दिसतो. ताजच्या नाचघरातलं जाझ अशा वळणाने या अंगणात आलंय: अमेरिकी वादकाकडून गोव्याच्या वादकाकडे, त्याच्याकडून स्टुडिओत, स्टुडिओतून तबकडीत, तबकडीतून मास्तरांच्या कानात.

मास्तरांना स्वरलेखन येत नाही. जेवणाच्या वेळी तुम्ही त्यांच्या पंगतीला बसता आणि विचारता, “मास्तर, ही चाल कुठे शिकलात?”

“तबकडीवर. आधी मास्टर इब्राहिमची ऐकायची,” ते म्हणतात. “क्लॅरोनेटवर कशी काढलीय ते त्यात असतं.”

मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ७८ गतीच्या तबकड्या त्या काळात घरोघर वाजत. गाणाऱ्याचा गळा काढून घेतला तरी शब्द ऐकू यावेत असं ते वाजवणं. ज्याला वही वाचता येत नाही, त्याच्यासाठी तीन मिनिटांची तबकडी हीच वही.

“पण तबकडीचा सूर तुमच्या वाद्याशी जमतो?”

मास्तर हसतात. “मशिनला गतीचा खिळा असतो ना? जरा पुढे सारायचा.”

तुम्ही मनात हिशेब करता. ७८ऐवजी साधारण ८० फेरे केले की तबकडी सुमारे अडीच टक्क्यांनी चढते. चढ्या सुराची क्लॅरिनेट आणि तबकडी एकाच जागी येतात. लंडनच्या परिषदेने जे ठरवलं ते या माणसाने एका खिळ्याने मोडून ठेवलंय.

“आणि ट्रम्पेट?”

“तीही आपल्याच सुराची आहेत.” तेही शक्य आहे. इंग्लंडमधल्या हौशी ब्रास बँडनी चढा सूर १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सोडला नव्हता, त्यामुळे त्या सुराची पितळी वाद्यं तोवर बनत राहिली.

दुपारी पुन्हा वाजवताना मास्तरांच्या बोटांकडे बघा. ते भोक एकदम उघडत नाहीत. बोट हळूच मागे सारतात आणि स्वर घसरत वर जातो. मींड. सिंपल सिस्टिममध्ये बहुतेक भोकांवर थेट बोट असतं, चाव्यांची आडकाठी कमी, म्हणून हे सोपं जातं. न्यू ऑर्लिन्सचा सिडनी बेशे याच वळणाची क्लॅरिनेट वाजवत होता. तुर्कस्तानात आजही याच वळणाच्या, पुष्कळदा धातूच्याच, ‘जी’ सुराच्या क्लॅरिनेटवर मकाम आळवले जातात. तंजावर-तिरुचिरापल्लीकडे तिने कर्नाटक संगीतात जागा मिळवली. युरोपने मागे टाकलेली रचना जिथे जिथे स्वर घसरवावे लागतात, तिथे तिथे टिकली.

सिडको आणि माळा

पुढचा प्रवास भरभर होतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना होते. ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा नकाशा पडतो. १९७३ मध्ये वाशीचा पूल खुला होतो आणि मुंबई एकदम जवळ येते. मिठागरं बुजतात, खाचरांवर सेक्टर उभे राहतात. हळदी मात्र थांबत नाहीत, उलट वाढतात. मांडवात लाउडस्पीकर येतो, मागोमाग विजेवर वाजणारा बेंजो, मग कीबोर्ड. त्या आवाजापुढे ट्रम्पेट टिकते. क्लॅरिनेट ऐकू येत नाही. कुणी तिला टाकून दिलं नाही. एका लग्नसराईनंतर ती माळ्यावर गेली, आणि पुढच्या सराईत कुणी उतरवली नाही.

काय बदलायचं

आता सगळे पुरावे टेबलावर आहेत आणि निर्णय तुमचा आहे.

नवे पॅड घालायलाच हवेत. चामड्याचे गळतात, नळीत बारीक एलईडीची पट्टी सोडून खोलीत अंधार केलात की प्रत्येक चावीच्या कडेने उजेडाची रेघ दिसते. गळणारी क्लॅरिनेट वाजत नाही, किंचाळते. नवे पॅड बसवायला लाखच वापरा. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत किड्यांनी झाडांच्या फांद्यांवर सोडलेला हाच राळेसारखा पदार्थ मास्टर इब्राहिमच्या तबकड्यांतही होता. दिव्यावर चावी तापवायची, लाख विरघळू द्यायची, पॅड सरळ बसेपर्यंत धरायचा, मग सिगारेटच्या कागदाची पट्टी चारही बाजूंनी अडकवून ओढून पाहायची. सगळीकडून सारखा विरोध झाला की मिठी पक्की.

सुया मऊ पडल्यात, गंजल्यात. त्यांच्या जागी निळ्या पोलादाच्या स्प्रिंगा येतील. खाडीच्या हवेत त्यांनाही अधूनमधून तेल लागेल. पण काढलेल्या सुया आणि चामड्याच्या चकत्या फेकायच्या नाहीत. बाटलीत, तारखेसह, कुठल्या चावीखालच्या त्या नोंदीसह ठेवायच्या. ठिगळ मजबूत आहे, त्याला हात लावायचा नाही.

आता दोन मोह उरतात. पहिला पुन्हा चांदी चढवायचा. त्यासाठी आधी बफावर घासावं लागेल, आणि मास्तरांच्या अंगठ्याने झिजवलेली जागा सपाट होईल. दुसरा मोह जास्त शहाणा वाटतो: लांब बॅरल करून घ्यायची आणि सूर ४४०वर आणायचा, म्हणजे वाद्य “वापरण्याजोगं” होईल. ताजमध्ये हे तुम्ही करून पाहिलंय. बॅरल वरच्या टोकाजवळ असते. ती लांबवली की तिच्या जवळच्या भोकांचे स्वर फार उतरतात आणि दूरच्या भोकांचे कमी. चढं पण सुसंगत सप्तक मोडून उतरं आणि विसंगत सप्तक हाती येतं. दुरुस्त केलेल्या वाद्याला पहिल्यांदाच दोष लागतो.

आणि हा सूर दुरुस्त करायचा कुणासाठी? पियानोसाठी, पेटीसाठी, ज्यांच्या पट्ट्या आधीच ठरलेल्या आहेत त्यांच्यासाठी. आपल्या गाण्यात षड्ज कुठेही ठेवता येतो. धवलारणीने तो गळ्यात ठेवला, मास्तरांनी गतीच्या खिळ्यात. तानपुऱ्याच्या खुंटीला ४४० ठाऊक नसतो.

तेव्हा मोबाइलवरचा तानपुरा सुरू करा. काळी पाच निवडा आणि बारीक फरकाची पट्टी ५० सेंट वर सरकवा. क्लॅरिनेटचा सगळ्यांत खालचा पट्टा घ्या, भरदार आणि थोडा नाकातला. तुमचा सा लावा. हेलकावे येत नाहीत. आता बोट मागे सारत रिषभापर्यंत जा.

जमलं, तर नोंदवहीत लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर ज्याच्या हाती हे वाद्य येईल त्याचा गोंधळ होणार नाही: सिंपल सिस्टिम, १३ चाव्या, जर्मन सिल्व्हर, मूळ मुलामा ठेवला आहे. सूर काळी पाचच्या वर ५० सेंट. साथीला पेटी घेऊ नये. बॅरल बदलू नये.